वर ब्लेझर, खाली बर्मुडा

३ मे, शनिवार

ब्लेझर-पॅन्टचा खरा हिशेब एकदा मांडून ठेवतो. कापड चार हजार आठशे, शिलाई बत्तीसशे. हे पावतीवर. पावतीवर नसलेलं: टेलरकडे तीन चकरा, पहिल्या चकरेत पोट आत ओढून उभं राहिल्यामुळे बरगडीत भरलेली चमक, आणि लताची अख्ख्या वर्षाची भिशी. भिशीतून ती स्वतःला बांगड्या करणार होती. म्हणजे मला फुकटातच पडला.

निमित्त असं की ३१ मेला लता रिटायर होतेय. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी सगळ्यांची जन्मतारीख एक जून टाकायचे, त्यामुळे दर वर्षी एकतीस मेला निम्मा जिल्हा रिटायर होतो. लता दिंडोरी तालुक्यातल्या एकाच गावात एकतीस वर्षं शिकवतेय. शेवटची नऊ मुख्याध्यापिका. गावाने ठरवलंय, निरोप जोडीने द्यायचा. नवरा-बायको स्टेजवर शेजारी शेजारी, शाल, श्रीफळ, नवऱ्याला फेटा आणि पूर्ण पोशाख.

मला कपड्यांचं कौतुक नाही. लॉकडाऊनमध्ये फुल पॅन्ट सोडली ती सोडली. आता बर्मुडा, आणि पंप कंपनीच्या डीलर मीटमध्ये मिळालेले टी-शर्ट. चौदा आहेत. मोटार रिवायंडिंगच्या दुकानात हेल्पर होतो, आज स्वतःचं वर्कशॉप, दारात इनोव्हा. हे कपड्यांच्या नाही, कानांच्या जोरावर. विहिरीच्या काठावर उभा राहून सांगतो, बेअरिंग गेलंय की वायंडिंग. घरातसुद्धा कुठल्या खोलीत कोण काय कुजबुजतंय, बसल्या जागी कळतं. या कानांतून काही सुटत नाही.

५ मे

संकल्प: रोज एक तास ब्लेझर-पॅन्ट घालून घरात वावरायचं. अंगाला सवय होईल.

६ मे

अकरा मिनिटं. पॅन्टचा हुक पोटात घुसतो. लता म्हणाली, हळूहळू जमेल. तिचा माझ्यावर विश्वास आहे. संकल्प कायम.

९ मे

संकल्पात किरकोळ सुधारणा. घालायचा नाही, रोज पाच मिनिटं बघायचा. डोळ्यांना सवय झाली की अंगाला आपोआप होते.

१४ मे, बुधवार. वर्कशॉप.

निफाडकडचा एक द्राक्षवाला मोटार घेऊन आला. मला म्हणतो, बाबा, जरा हात लाव अन् खाली उतरव, अन् शेठला बोलव लवकर, माझा बाग वाळून चाललाय. मी उतरवली. मग सांगितलं की शेठ मीच. हसायला लागला. म्हणाला, लय इनोदी दिसतो तू, शेठनं तुला कामाला ठेवलाय बरा. मग आत जाऊन माझ्या कारागिराला, योगेशला, नमस्कार घातला. योगेश इस्त्रीचा शर्ट घालतो.

साधेपणा लोकांना इतका भावतो, की ते एकेरीवर येतात. चाळीस वर्षांत पैशाने मिळाला नसता असा जिव्हाळा.

१८ मे, रविवार

दुपारी जेवताना लताने विषय काढला. म्हणाली, अहो, एकच दिवस. तीन तास. मी गावात कधी कुणापुढे मान खाली घातली नाही, त्या दिवशी घालायला लावू नका. मी म्हटलं, लोक माणूस बघतात. ती म्हणाली, माझ्या वडिलांच्या दहाव्याला रामकुंडावर सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि तुम्ही नारळाच्या झाडांची चड्डी घालून आलात. आपल्या स्नेहाच्या लग्नात अक्षता पडायच्या आत शेरवानी काढून कूलरसमोर बनियनवर बसलात. तिच्या सासऱ्यांनी मला विचारलं, पाहुण्यांची तब्येत बरी आहे ना. मी हो म्हटलं.

स्मरणशक्ती अफाट आहे हिची. इतके तपशील नवऱ्यावर जीव असल्याशिवाय लक्षात राहत नाहीत.

शेवटी म्हणाली, माझ्यासाठी. आणि भात न घेता उठली. उन्हाळ्यात भूक मंदावतेच.

२२ मे, गुरुवार. सकाळी ६.१०

सुचलं! स्टेजवर टेबल असतं. टेबलाला झालरीचं कापड असतं, जमिनीपर्यंत. दिसतो तो माणूस पोटापर्यंत. म्हणजे वर ब्लेझर, खाली बर्मुडा. लताला ब्लेझर, मला वारा. भांडण संपलं. हे डोकं असल्यावर मी उगाच वर आलो नाही.

लताला सांगायचं नाही. सरप्राइज.

२६ मे

योगेशला प्लॅन सांगितला. म्हणाला, शेठ, टेबल नसलं तर? मी त्याला समजावलं, या जिल्ह्यात टेबलाशिवाय कार्यक्रम झालेला नाही, पाण्याच्या बाटल्या ठेवणार कुठे? पुन्हा तार गुंडाळायला लागला. वायंडिंगपुरतं डोकं आहे त्याचं.

३१ मे, शनिवार. सकाळी ७

लता शाळेतल्या बाकीच्या मॅडमबरोबर पुढे गेली. येवल्याची पैठणी, जांभळी. नऊ महिने कपाटात होती, मला आजच दिसली. माझी पॅन्ट इस्त्री करून पलंगावर ठेवलीय, मोजे आत कोंबलेले बूट खाली. दारातून म्हणाली, येऊ नका असं म्हणत नाही, नीट या.

पॅन्ट पलंगावरच ठेवली. बरोबर घेतली असती तर स्वतःच्या प्लॅनवर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं.

सकाळी १०.४०. शाळेचं पटांगण, इनोव्हाच्या मागे.

टेबल नाही.

लग्नातल्या त्या लाल मखमलीच्या दोन खुर्च्या, सोनेरी पाय, स्टेजच्या मधोमध. पाण्याच्या बाटल्या खाली सतरंजीवर. चारशे माणूस, आणि एकतीस वर्षांत मी या गावात पहिल्यांदाच.

मी गाडीतून उतरलो तेव्हा लता स्टेजवर उभी होती. तिने आधी ब्लेझर बघितला. हसली. मनापासून हसली, इतक्या वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मग मी गाडीच्या दरवाजामागून बाहेर आलो. तिची नजर बटणांवरून खाली गुडघ्यांपर्यंत आली. मग तिने दुसरीकडे बघितलं.

ऊन फार होतं. डोळ्यांवर येत असणार तिच्या.

११.१५

सूत्रसंचालनाला शाळेतल्या नव्या चैताली मॅडम. माइकवरून म्हणाल्या, मॅडमच्या यजमानांनी स्टेजवर यावं. दोनदा म्हणाल्या. मी प्रसंगावधान राखून गाडीमागून हात वर केला, चालू द्या म्हणून. चैताली मॅडमनी लताच्या कानाशी वाकून विचारलं, ते ब्लेझरवाले कोण? माइक चालू होता. लता म्हणाली, गाडी घेऊन आलेत.

किती मोजकं उत्तर! कार्यक्रम तिचा, तरी गाडीचा उल्लेख केलाच. उगाच नवऱ्याची बढाई मारायचा स्वभाव नाही तिचा.

दुसरी खुर्ची रिकामी बरी दिसेना, म्हणून शाळेचा जुना शिपाई धोंडीराम ती उचलायला वर गेला. पांढरं धोतर, पांढरा नेहरू शर्ट, कडक इस्त्री. बाहेरून आलेल्या फेटेवाल्याला वाटलं हेच यजमान. त्याने खुर्चीजवळच धरून फेटा बांधायला घेतला. धोंडीराम नाय नाय म्हणत होता. सगळे लताकडे बघायला लागले. एका शब्दाचं काम होतं. लता म्हणाली, धोंडीरामभाऊ, बसा.

बसला.

माझ्या पुढ्यात बाहेरगावच्या दोन म्हाताऱ्या होत्या. एक म्हणाली, बाईंचा मालक कोनता गं? दुसरी म्हणाली, त्यो काय फेट्यातला, कसा सोभतोय बाईंच्या शेजारी. पहिली म्हणाली, आन् त्यो गाडीपाशी कोन, अर्धा सायेब? दुसरी म्हणाली, डायवर असंल, मालकाचा जुना कोट घातलाय बिचाऱ्यानं.

अर्धा का होईना, साहेब म्हणाली.

दुपारी १२.३०

शाल, श्रीफळ, पूर्ण पोशाख, सगळं धोंडीरामला. तो रडायला लागला. लताने त्याला स्वतःचा रुमाल दिला.

मग लताचं भाषण. म्हणाली, एकतीस वर्षांत ज्या एका माणसाने मला खाली बघायला लावलं नाही, त्याचं नाव आज घेते. मी यायच्या आधी शाळेत पाणी भरलेलं असायचं. मुलाबाळांच्या लग्नकार्यात, साहेब तपासणीला आले तेव्हा, झेंडावंदनाला, हा माणूस प्रसंगाला शोभेल असा उभा राहिला. सांगावं लागलं नाही. टाळ्या थांबेचनात.

पाण्याचा संदर्भ लगेच ओळखला. माझा धंदाच पाण्याचा. नाव घेते म्हणाली आणि टाळ्यांत घ्यायचं राहून गेलं, एवढंच. चारशे लोकांत एकट्या मला कळलं ती कुणाबद्दल बोलतेय.

दुपारी १.१५

ड्रायव्हर लोकांची पंगत आधी बसवली. त्यात मलाही बसवलं. सरपंचांनी प्रत्येक ड्रायव्हरला टॉवेल-टोपी दिली, मलाही. टॉवेल सुती, चांगला मोठा. वाढप्याने मला जिलबी दोनदा वाढली. शेजारी बसलेला, देवळाली कॅम्पहून कुणाला तरी सोडायला आलेला, विचारत होता, तुझा मालक पगार वेळेवर देतो का. म्हटलं, मालकीण आहे. म्हणाला, मग नशीबवान आहेस.

आहेच.

संध्याकाळी

लता मॅडम लोकांच्या गाडीतून परत आली. सत्काराचं सामान बरंच होतं, इनोव्हात मावलं असतं. सांगायला गेलो तर म्हणाली, तुम्ही निघा.

१ जून, रविवार

गावच्या ग्रुपवर फोटो आले. एकशे बारा. लता आणि धोंडीराम, मखमली खुर्च्यांवर, खाली फोटोवाल्याने लिहिलंय, आदर्श जोडपं. एकशे सत्तर लोकांनी हात जोडलेत. मी ग्रुपवर लिहिलं की यात गैरसमज आहे, मॅडमचा नवरा मी. एकाने विचारलं, कोण आपण? दुसऱ्याने हसण्याचं चित्र टाकलं. मग कुणीतरी मला ग्रुपमधून काढलं. नेटवर्कचा घोळ असेल.

लताला दाखवलं. म्हटलं, बघ, तुझी केवढी पंचाईत झाली. तिने फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मग तो स्वतःच्या डीपीला ठेवला.

विनोदबुद्धी आहे हिला. रिटायर झाल्यावर उलट फुलतेय.

२ जून

घरात शांत. मस्त. फुल पॅन्टचा विषय बंद. शेवटी मला समजून घेतलंच. संध्याकाळी आवराआवर करत होती, माझा एकही कपडा हलवला नाही.

३ जून, मंगळवार

शेजारच्या सोसायटीच्या मोटारीचा आवाज बदललाय. गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर ऐकलं. खालचं बेअरिंग. दोन दिवसांत बसणार. चेअरमनला कळवायचं नाही, स्वतः येतील धावत.

४ जून

लता मागून काहीतरी म्हणत होती, मी हातानेच थांब म्हटलं. मोटारीची घरघर लयीत नाही. बेअरिंगबरोबर शाफ्टपण. बिल वाढणार.

५ जून, गुरुवार. दुपारी ४

मोटार बसली. माझा अंदाज तंतोतंत. चेअरमन आलेसुद्धा. चहा टाक म्हणून लताला हाक मारली. दोनदा. खाली वॉचमन लखनला विचारलं. तो म्हणाला, मॅडम सकाळी साडेनऊलाच गेल्या, तीन बॅगा होत्या, मीच रिक्षात ठेवल्या, तुम्ही वर गॅलरीतच होता की.

स्नेहाला पुण्याला फोन लावला. म्हणाली, आई पोचली बाबा, आता इथेच राहणार आहे. मी म्हटलं, मला न सांगता? स्नेहा म्हणाली, आईने तुम्हाला तीन वेळा सांगितलं. मंगळवारी, बुधवारी, आणि आज सकाळी गॅलरीच्या दारात उभं राहून.