राखेच्या डोंगराचा झरा

२० ऑगस्ट

पोचले एकदाची. हावड्याला चारुदत्त घ्यायला आला होता. माझा लेक वीज कंपनीत कर्मचारी विभागाचा साहेब आहे, पण माझं गाठोडं त्यानेच उचललं, हे आधी नोंदवून ठेवते. मला अक्षरओळख नाही. म्हणून नूपुरने, माझ्या नातीने, फोन दोरीने माझ्या गळ्यात अडकवलाय. मी बोलायचं, तो लिहून घेतो, आणि सेक्टर फाइव्हच्या ऑफिसातून आली की ती चुका काढते. गळ्यात घंटा बांधलेल्या गाईसारखी मी घरभर हिंडतेय.

कॉलनी न्यू टाउनच्याही पलीकडे, वीजकेंद्राला लागून. दुसऱ्या मजल्यावर घर, ऐसपैस गॅलरी, आणि गॅलरीसमोर चक्क डोंगर! हिरवागार, वरून सपाट. मी संगमेश्वराकडची; डोंगर दिसला की माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं. मी विचारलं, हे शहर ताटासारखं सपाट आहे म्हणत होतात ना, मग हा कुठून आला? सून कालिंदी म्हणाली, आई, तो डोंगर नव्हे, कोळसा जाळून उरलेली राख आहे ती. पाण्यात कालवून पाइपाने वर सोडतात, भोवती बांध घालतात. आतली राख भरत आली की तिच्याच वाळलेल्या काठावर पुढचा बांध चढवतात. मी म्हटलं, म्हणजे पिठल्याला पिठल्याचीच भिंत. कालिंदी खूप हसली. सून आपल्या बोलण्यावर हसते ही गोष्ट खरं तर सासूने गुपचूप ठेवायची असते.

३१ ऑगस्ट

आज गौरी आणल्या. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरचे सात खडे घरी आणायचे. आणणारीने तोंडात पाण्याची चूळ धरायची, घरी येईपर्यंत बोलायचं नाही, मागून कुणी घंटा वाजवायची. इथे इतकी वर्षं कालिंदी कुंडीतले खडे बाथरूमच्या नळाखाली धुऊन आणायची म्हणे. मी म्हटलं, गौर काय गिझरमधून येते?

दोन दिवसांपूर्वी फिरताना मला डोंगराच्या पायथ्याशी गवतात झरा दिसला होता. नितळ पाणी, खाली गोल गोल खडी, जणू कुणी मुद्दाम रचून ठेवलेली. तिथूनच गौरी घेतल्या. येताना वाटभर मी कालिंदीला नावं ठेवली, तिच्या वरणाला, तिच्या माहेरच्या मोदकांना. तोंडात चूळ, बिचारी उत्तर देणार कशी? नूपुर घंटा वाजवता वाजवता हसून वाकडी झाली. दारात पोचताच कालिंदीने चूळ टाकली आणि सगळ्याचं उत्तर एकदम दिलं. फार दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं.

५ सप्टेंबर

आमच्या मागून झऱ्यावर आणखी बायका जायला लागल्यात. कुणी सिंदूर लावला, कुणी जास्वंदीचा हार घातला. काल तर बायकांनी जीभ हलवून काढलेला उलूध्वनी गॅलरीपर्यंत ऐकू आला. खालच्या मजल्यावरची बंगाली सून मला माशिमा, म्हणजे मावशी, म्हणते. तिने विचारलं की तुम्हाला दृष्टान्त झाला होता का. मी गंमत म्हणून सांगितलं, हो, देवी म्हणाली, म्हातारे, चहात साखर कमी घाल. तिने हात जोडले. माझी थट्टा तिला कळली नाही, आणि मीही ती उलगडून सांगितली नाही.

९ सप्टेंबर

झऱ्यापाशी चिखलात माझा पाय सरकला. कालिंदीने धरलं म्हणून वाचले. मी सहज बोलून गेले की इथे एक कट्टा हवा. झालं! कॉलनीच्या महिला मंडळाची अध्यक्षीण कोण, तर कालिंदी. संध्याकाळपर्यंत सिमेंट ठरलं, निळ्या टाइल्स ठरल्या, पितळी गोमुख ठरलं. राखेचं काम बघणारा साहेब बदलून गेलाय, नवा अजून यायचाय. ठेकेदाराचा माणूस जीपमधून आला, खाली उतरून झऱ्याच्या पाया पडला आणि निघून गेला.

१४ सप्टेंबर

कट्टा झाला. खडीच्या सगळ्या तोंडावर सिमेंट घातलंय, गोमुखापुरतं भोक ठेवून. पाऊस रोजचा असूनही दुपारी धार बारीक झाली, संध्याकाळी थांबली. कालिंदी म्हणाली, देवी स्थिर झाली. आमच्याकडे झरा भाद्रपदात थांबत नाही.

गॅलरीतून आज बगळे दिसले. नेहमी खालच्या डबक्यात असतात. आज डोंगराच्या अंगावर ओळीने उभे होते, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर.

१६ सप्टेंबर

बगळे आणखी वर चढलेत. उतारावर बगळ्यांचं काय काम? बगळा पाण्यात उभा राहतो.

काठी टेकत कट्ट्यापर्यंत गेले. बाजूची जमीन पावलाखाली खरवसासारखी हलते. वर कातडं, खाली काहीतरी मऊ. काठी टेकली तर सहज आत गेली, आणि काढताना खालून कुणी धरून ठेवल्यासारखी जड लागली. घरी येऊन पाय धुतले. बोटांमधली राख निघता निघत नाही.

१८ सप्टेंबर

वरच्या मजल्यावरचे सेनबाबू मुलीकडून परतले. निवृत्त इंजिनिअर, पूर्वी राखेचं काम त्यांच्याकडेच होतं. मी मोडक्या हिंदीत कौतुकाने गॅलरीतून कट्टा दाखवला. त्यांच्या हातातली बशी खाली पडली.

ते सांगत होते, चारुदत्त मला मराठीत सांगत होता. तो झरा नव्हताच. डोंगराच्या पोटातलं पाणी निघून जावं म्हणून पायथ्याशी खडी भरून वाट केलेली असते. पाणी निघत होतं, म्हणून डोंगर उभा होता. वाट बुजवली की पाणी आत चढत जातं, बांध आतून भिजतो. नितळ झिरपत असेल तर ठीक. गढूळ आलं, तर आतली राख सुटली समजायचं. मग सामान घेत बसायचं नाही, पळायचं.

सेनबाबू पहार घेऊन गेले. बायका कट्ट्यावर बसून राहिल्या. देवीवर पहार घालता? चारुदत्तने मोठ्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले म्हणे, दुर्गापूजेच्या तोंडावर देवस्थान फोडलं तर दंगा होईल, दशमीनंतर बघू. हे सांगताना माझ्या लेकाने मान वर केली नाही.

१९ सप्टेंबर

कालिंदीला सगळं सांगितलं. ती काल बाजारात होती, म्हणून पहिल्यापासून सांगितलं. तिला वाटलं मी खेळवतेय. म्हणाली, आई, देवी तुम्ही आणलीत आणि आता मान मला मिळतोय म्हणून पोटात दुखतंय होय? हसत म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. मी हात धरून सांगितलं, तर ती म्हणाली, गिझरमधल्या गौरीच्या वेळीही असाच चेहरा केला होतात.

आयुष्यभर मी हिला हसवत आले —

बगळे उताराच्या मध्यावर.

२० सप्टेंबर

जिन्याचं दार अडकतंय. चौकट तिरकी झालीय. जमिनीला कान लावला. आत आधण ठेवल्यासारखं काहीतरी. झाकणाखाली.

गोमुखातून पाणी परत आलं.

राखाडी आहे. दाट. बायकांनी शंख वाजवले. विभूती म्हणतात त्याला. लेकरांच्या कपाळांना फासतायत. कालिंदी वाटी भरून घेऊन आली, माझ्या कपाळाला लावायला. मी तिचा हात झटकला. वाटी पडली. फरशीवर ते पाणी थांबलं, आणि त्यातली राख हळूहळू खाली बसली — कालिंदी पहिल्यांदाच माझ्याशी बोलेनाशी झाली.

सेनबाबूंना गढूळ पाण्याचं सांगितलं. ते आणि चारुदत्त वीजकेंद्रात गेलेत. भोंगा वाजवायला लावतो म्हणाले. रात्र झाली, भोंगा नाही.

२१ सप्टेंबर

महालय, इथल्या दुर्गापूजेची सुरुवात. आज कट्ट्याचं उद्घाटन. उजाडताच सगळ्या खाली गेल्या. लाल काठाच्या साड्या. कालिंदी मला न सांगता गेली. चारुदत्त अजून वीजकेंद्रातच, फाटकावर वाद चाललाय म्हणे.

बगळे नाहीत. एकही नाही.

डोंगराला पोट आलंय. काल नव्हतं. गवत ताणलंय, मधे काळी रेघ — आडवी — ह्या टोकापासून —

कालिंदीला फोन लावला. हिरवं बटण, तिचा फोटो. फोन स्वयंपाकघरात वाजतोय. ठेवून गेली.

नूपुरला उठवलं. म्हटलं, कपडे राहू देत, आईला ओढून आण, रडत आण. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. तिने ऐकलं. पोरीने माझं ऐकलं — मीच तिला खाली —

गुडघे एवढ्या घाईने जिना उतरू देत नाहीत. गॅलरीत उभी आहे. दिसतंय सगळं. रेघ रुंदावली. तिच्यातून चकाकतंय.

नूपुर पोचली. आईचा हात धरला. कालिंदी सोडवतेय. बाकीच्या गातायत. नूपुर माझ्याकडे बोट दाखवतेय.

मी ताट वाजवतेय. पळा गं. पळा —

कालिंदीने वर पाहिलं. माझ्याकडे. डोंगर तिच्या पाठीशी आहे, तिला दिसत नाही. मी दोन्ही हात हलवतेय. तीही हात हलवतेय. राग गेला वाटतं तिचा. हसतेय —

मागे बघ. कालिंदी, मागे बघ. बाळा, हसू नकोस, ह्या वेळी मी खरंच —