हर्षदाची मुलाखत आणि तुमच्या गळ्याची शपथ

अंबरनाथ पूर्व,
बुधवार, सकाळ

आदरणीय दाजी,

तुम्हाला आणि चांगुणाताईला सविनय जयभीम. तुमचा गुडघा आता कसा आहे? निरगुडीच्या पाल्याने शेकता असं ताई म्हणाली. शेकणं चांगलंच, पण शेकून झालं की तुम्ही पुन्हा बांधावर चढता असंही तीच म्हणाली, मग पाल्याने तरी काय करावं? झोडणी आटोपली असेल. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, असं मी इथे लिहिलं होतं आणि मग खोडलं. (वर जो निळा डाग दिसतो आहे तो त्याचाच. पेनाचा दोष नाही.) तब्येती ठीक आहेत, एवढं मात्र खरं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. दोनदा सुरुवातही केली. पण मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते, आणि मी पहिल्यापासून सांगायला लागलो की तुम्ही फोन ताईकडे देता. ताई रडायला लागते, आणि हातात फोन घेऊन आम्ही दोघं भावंडं तुमच्या रिचार्जवर नाक ओढत बसतो. पत्राचं बरं असतं, ते मध्येच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

तर तुमच्या हर्षदाची उल्हासनगरची नोकरी गेली. गेली म्हणजे मिळालीच नाही, पण मिळाल्यातच जमा होती म्हणून गेली म्हणतो. ती का गेली हे तुम्हाला तिने सांगितलेलं नसणार. तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. म्हणून मी सांगतो.

पोरगी आमच्याकडे राहायला आली तेव्हापासून संध्याकाळी ते पोकर खेळते, हे तुम्हाला आम्हीच सांगितलं होतं. त्यात पैसा नाही. कॉलेजच्या मैत्रिणी कॉम्प्युटरवर जमतात आणि खोट्या बिल्ल्यांवर खेळतात. पुढे तिने तिच्या मामीला, मायालाही शिकवलं. आमच्या घरात बिल्ले नव्हते म्हणून वालाच्या दाण्यांवर डाव सुरू झाला. माया इतके वाल जिंकत गेली की आठवड्यातून दोनदा बिरडं व्हायला लागलं. मी खेळत नव्हतो. संध्याकाळची बुद्धवंदना झाली की जवळ बसून बघायचो. प्रत्येकाकडे दोन पानं झाकलेली, मधली पानं सगळ्यांना उघडी, आणि समोरच्याच्या हातात काय असेल त्याचा विचार करत दाणे पुढे सरकवायचे. पत्ते असून इतकी शांतता असते, दाजी, की विहारातसुद्धा रविवारी तेवढी नसते. (विहारात मुलं असतात.) तुम्हाला पत्ते म्हटलं की तुमच्या गावच्या पिंपळाखालचा अड्डा आठवतो, आरडाओरडा आठवतो, आणि त्यात तुमची चूक नाही. पण हे तसं नव्हतं. हे तुम्ही एकदा येऊन बघायला हवं होतं.

मग मुलाखतीचं बोलावणं आलं. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये, कापडाच्या दुकानांच्या वर, एक कर्ज देणारी संस्था आहे. छोट्या कारखानदारांना शिलाईची मशीन घ्यायला वगैरे कर्ज देते. कर्ज मागायला आलेला माणूस ते फेडेल की बुडवेल याचा अंदाज बांधायचा, असं काम होतं. आणि आमच्या घरात प्रश्न उभा राहिला की पोकरचं सांगायचं की नाही. माया म्हणाली, "पोरगी जुगारी आहे म्हणतील. गप बसा सगळे." शेजारचे विष्णुपंत (रिटायर झाल्यापासून त्यांना सगळ्यातलं कळतं) म्हणाले, छंदात वाचन आणि पोहणं लिहावं, त्याने कुणाचं वाईट होत नाही. पोरीला पोहता येत नाही. हर्षदाचं म्हणणं वेगळंच होतं. ती म्हणाली, "मामा, आपली पानं आपणहून उघडायची नसतात. पण कुणी शेवटपर्यंत डावात राहून दाखव म्हणालं, तर दाखवायचीच." मला ते पटलं नाही. मी भंतेजींना विचारलं. ते म्हणाले, "विचारलं तर खोटं बोलू नये." मी घरी येईपर्यंत त्यातलं 'खोटं बोलू नये' एवढंच माझ्याजवळ उरलं होतं. पहिले दोन शब्द वाटेत कुठे सांडले कोण जाणे.

आणि तेवढ्यात तुमचा फोन आला. तुम्ही तिला म्हणालात, पत्त्यांचं नाव काढायचं नाही, कुणी विचारलं तरी नाही म्हणायचं, माझ्या गळ्याची शपथ. दाजी, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. आपल्या घरात गळ्याची शपथ कुठून शिरली? पोरगी एम. कॉम. झाली आहे, शपथेने बापाला काही होत नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी फोन ठेवल्यावर ती गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि जेवायला हाक मारेपर्यंत आत आली नाही.

आता माझं ऐका. मी आजवर समाजातल्या इतक्या सोयरिकी जमवल्या, त्या एकाच नियमावर. बघायला जाण्याआधी मध्यस्थाने पुढे जाऊन उणं काय ते कानावर घालायचं. गुण काय, नांदता नांदता कळतात. पालेगावच्या भगवंतचं जमवताना मी मुलीकडच्यांना आधीच सांगितलं होतं की मुलगा घोरतो, आणि साधासुधा घोरत नाही, नव्या बिल्डिंगच्या भिंती पातळ असतात हे लक्षात घ्या. ती सोयरीक झाली आणि सुखाची झाली. (माझ्या सांगण्याने काही मोडल्यासुद्धा, पण त्या मोडायच्याच होत्या.) तर हाच नियम मी इथे लावला. मुलाखतीच्या दोन दिवस आधी इस्त्रीचा शर्ट घालून कॅम्प दोनला गेलो आणि भावना मॅडम म्हणून नोकरभरतीचं बघतात त्यांना भेटलो. त्यांना वाटलं मी कर्जासाठी आलो आहे. म्हणाल्या, "काका, मशीन कुठलं घेणार?" मी म्हटलं, मशीन नाही, मी मुलीचा मामा.

आपल्यात अंतरपाट नसतो, पण मामाची पाठीमागे उभं राहायची सवय काही गेलेली नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. मुलगी हुशार आहे, निर्व्यसनी आहे, पण पोकर खेळते. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण समोरचं माणूस शांतपणे ऐकून घेतं आहे असं दिसलं की माझं पुढे जातंच. सकाळी उठायला उशीर करते, भाकरी थापता येत नाही, रागावली की बोलत नाही, हेही सांगून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "भाकरीचं आमच्याकडे काही नाही." मग रीतीप्रमाणे मीही चौकशी केली. तुमच्याकडची माणसं कशी आहेत, घर एकत्र आहे की वेगवेगळं (म्हणजे शाखा), आणि याच्या आधीची मुलगी का सोडून गेली? तिसऱ्या प्रश्नावर मॅडमनी शिपायाला हाक मारली. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही चहा घ्या." मी चहा घेतला आणि मोठं ओझं उतरल्यासारखा घरी आलो. रात्री छान झोप लागली, हे लिहायला आता लाज वाटते.

मुलाखतीच्या दिवशी मी बरोबर गेलो. "मामा, हा बघण्याचा कार्यक्रम नाही," असं ती दोनदा म्हणाली, तरी पेढ्यांचा पुडा मी पिशवीत घेतलाच. मी खाली दुकानाच्या पायरीवर थांबलो. वर काय झालं ते तिने नंतर मायाला स्वयंपाकघरात सांगितलं आणि मी बाहेरून ऐकलं. (माया म्हणते चोरून ऐकलं. घर दोन खोल्यांचं आहे, त्यात चोरून काय नि उघड काय.) संस्थेचे मालक प्रीतमसेठ स्वतः बसले होते. मुलाखत झकास चालली होती. हिशेबाचे प्रश्न झाले, कर्जाचे झाले. शेवटी त्यांनी हसत विचारलं, "बेटा, पत्ते वगैरा?" ती म्हणाली, नाही. "पोकर?" नाही सर. भावना मॅडमनी मान खाली घातली. सेठ पुन्हा म्हणाले, "पक्का?" पोरगी तशाच चेहऱ्याने म्हणाली, पक्कं. डोळ्याची पापणी हलली नाही, असं सेठ स्वतः म्हणाले.

मग त्यांनी पुढ्यातला कागद बाजूला ठेवला. ते म्हणाले, "साईं, खेळतेस म्हणून काही नाही. आमच्या घरी सणाला दादीसुद्धा पत्ते पिसते. मी तर खूश होतो, अशीच डोक्याची लडकी पाहिजे. पर यहाँ जो कर्ज माँगने आता है ना, वो भी ऐसेच बोलता है, बिना पलक झपकाए. त्याला पकडायला माणूस पाहिजे मला. और तू तो मेरे सामनेच..." आणि मग म्हणाले, "तेरे मामा आके सब बता के गये."

दाजी, त्या वेळी ती म्हणू शकली असती की मला वडिलांनी शपथ घातली आहे. म्हणाली नाही. तुमचं नाव तिने त्या खोलीत काढलं नाही. माझ्याबद्दलही काही बोलली नाही. थँक यू सर, म्हणाली आणि उठली.

खाली आली तेव्हा मी पुडा सोडून तयार होतो. तिने त्यातला एक पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा मला दिला, आणि रिक्षाला हात केला. रिक्षा सुरू झाल्यावर तिने एकच विचारलं. "मामा, तुम्ही त्यांना सांगितलंत. मग मला का नाही सांगितलं?"

तेव्हापासून मी या प्रश्नाचं उत्तर शोधतो आहे. सांगितलं असतं तर तिला कळलं असतं की समोरच्यांना सगळं माहीत आहे, आणि तिने काहीतरी मार्ग काढला असता, ती हुशार आहे. मी परक्या बाईला भाकरीपर्यंत सगळं सांगून आलो. जिची मुलाखत होती तिच्याच कानावर घालायचं राहिलं. सोयरीक जमवतानाही मी हेच करत आलो असेन का, असा विचार परवा वंदनेला बसल्यावर मनात आला आणि वंदना मध्येच चुकली. मुलाकडच्यांना सांगितलं, मुलीकडच्यांना सांगितलं. पण प्रत्यक्ष मुलीला कधी काही विचारलेलं मला आठवत नाही.

हर्षदा रागावलेली नाही. तेच वाईट आहे. "मामा पाणी देऊ? मामा पेपर झाला का वाचून?" असं पाहुण्याशी बोलावं तसं बोलते. संध्याकाळी कॉम्प्युटर उघडत नाही. मायाने एकदा वालाचा डबा काढून समोर ठेवला, तर म्हणाली, "मामी, आज नको, डोकं दुखतंय." मग माया माझ्याकडे वळली. "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि भोगते पोरगी." ती बरोबरच बोलली. एरवी मी उलट काहीतरी म्हटलं असतं.

दाजी, यात अर्धी चूक तुमची आहे असं मी लिहिणार होतो. पण लिहून बघितलं आणि ते वाचताना माझी अर्धीच मोठी दिसायला लागली. आपण दोघं वडीलधारे. तुम्ही म्हणालात लपव, मी जाऊन उघडं केलं, आणि मधल्या मध्ये लेकरू सापडलं. तिला कुणी विचारलं असतं तर तिचं तिला नीट ठाऊक होतं. विचारल्यावर सांगायचं, न विचारता बोलायचं नाही, एवढं साधं ती पहिल्याच दिवशी सांगत होती. मी आता शहाणा झालो आहे. यापुढे तिच्या कुठल्याही कामात तोंड उघडणार नाही, हे तुम्हाला शब्द देऊन सांगतो. रागावू नका असं म्हणत नाही, रागवा, पण गुडघा सांभाळून रागवा. ताईला सांगा, पोरगी जेवते आहे.

तुमचा नम्र,
भगवान

ता.क. मुख्य गोष्ट राहिली. हर्षदाला उद्या बदलापूरला दुसरी मुलाखत आहे. एका मोठ्या दवाखान्याच्या हिशेब खात्यात जागा आहे. आज सकाळी मी तिला विचारलं (हो, तिलाच विचारलं), उद्या कुणी पत्त्यांचं विचारलं तर काय करशील? ती म्हणाली, "बाबांनी शपथ सोडलेली नाही, मामा." म्हणजे ती उद्याही नाही म्हणणार, त्याच चेहऱ्याने. एवढी शिकलेली पोरगी, पण तुमचा गळा तिला नोकरीपेक्षा मोठा वाटतो. तेव्हा कृपा करा, आज रात्रीच्या आत तिला फोन करा आणि 'सुटली' एवढा एक शब्द म्हणा. पहिल्यापासून काही सांगत बसू नका.

ता.क. २. घाई एवढ्यासाठी की त्या दवाखान्यातलं हिशेब खातं सखा बघतो. म्हणजे ज्याचं लग्न मी जमवलं, तोच. तो रविवारी विहारात भेटला. मी आपणहून एक अक्षर बोललो नाही. त्यानेच विचारलं, "काय भगवानमामा, सगळं ठीक?" आता विचारल्यावर काय करणार? उद्या मुलाखत तोच घेणार आहे आणि त्याला सगळं माहीत आहे. हर्षदाला हे अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी सांगेन म्हणतो, पण आधी तुमचा फोन आला तर मला धीर येईल.

ता.क. ३. हे पत्र तुमच्या गावच्या गोदूच्या हाती देतो आहे. ती भाजी विकून दुपारच्या गाडीने परत निघेल. तिला चहा द्या आणि लगेच घरी धाडा, वाटेत कुणाच्या ओट्यावर बसू देऊ नका. पाकीट हातात घेऊन तिने मघाशी विचारलं (ते परत घेऊनच हे लिहितो आहे), "एवढं जाड काय लिवलंय, भगवानदादा?" म्हणून तिला थोडंसं सांगावं लागलं.