दोन मळ्यांचा पालक

आनेकल, ३ फेब्रुवारी १९६४

॥ श्री ॥

चि. प्रमोदिनीस अनेक आशीर्वाद.

कावेरीचं पोट पुन्हा दुखतंय. सहा वर्षांची पोर, पण दिवसभर पडून असते. माझा संशय शेजारच्या शिवाप्पावर आहे. तो पोत्यातलं सरकारी खत घालतो आणि ही त्यांच्याकडे जेवते. आपल्या मळ्यात फक्त शेणखत आणि बेंगळूरच्या कचऱ्याचं कंपोस्ट. दोन्ही मळ्यांचा पालक वेगवेगळा बांधून पाठवला आहे. एवढी प्रयोगशाळेत आहेस, तर शिवाप्पाचं विष कागदावर आण. तुझी वहिनी विमला म्हणते, लग्नाचा विषय काढला की तुला बाटल्या धुवायच्या आठवतात. प्रकृतीला जप.

तुझा,
गुंडोअण्णा

चामराजपेट, १७ फेब्रुवारी

ती. अण्णास सा. न. वि. वि.

दोन्ही पालक जाळून राखेतलं शिसं तपासलं. शिवाप्पांच्या पालकात नावापुरतं आहे. आपल्यात त्याच्या नऊपट. विश्वास बसेना म्हणून तीनदा केलं. शेवटी आमचे वरिष्ठ उमाकांतराव यांनी स्वतः करून पाहिलं. तेच आलं.

शेणाचा दोष नाही, अण्णा. कंपोस्ट येतं त्या जागी काल जाऊन आले. बाजारामागे मोटारींच्या जुन्या बॅटऱ्या फोडतात आणि उरलेला शिशाचा चुरा कचऱ्यात टाकतात. कावेरी त्या खताच्या ढिगावर खेळते ना? भाजीहून मला त्याचीच जास्त भीती वाटते. माझ्यावर रागाव हवं तर, पण तिला मिळेल त्या बसने इकडे पाठव. डॉक्टरांशी बोलले आहे; शिशाने असंच पोट दुखतं म्हणतात.

वहिनीस नमस्कार, आणि तुझी माया आहे तशीच राहू दे.

प्रमोदिनी

आनेकल, ८ मार्च

चि. प्रमोदिनीस आशीर्वाद.

कावेरीला घेऊन विमला तुझ्याकडे आली, पण इथे काय झालं ते तिने सांगितलं नसेल. तुझं पत्र मी फाडायला निघालो होतो. तिने हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "तुमचा मान मागाहून. आधी पोर."

तू मागाहून कळवल्याप्रमाणे ढीग ओला करून, खोल खड्ड्यात पुरून टाकला. मग शिवाप्पाकडे गेलो. गावभर त्याला नावं ठेवली होती, तेही सांगितलं. तो "सरी, झालं ते झालं" म्हणाला, आणि विहिरीकडचा एक वाफा मला लावायला दिला. आता आम्ही दोघं मिळून, ते कंपोस्ट घेणाऱ्यांना घरोघरी जाऊन सांगतो. सात मळ्यांची भाजी नि माती पाठवतो आहे. जमेल तशी तपास.

पोरीचं कळव. घर खायला उठतं.

गुंडोअण्णा

चामराजपेट, २९ मार्च

ती. अण्णास सा. न. वि. वि.

सातांपैकी चार मळे स्वच्छ आहेत. उरलेल्या तिघांना मी वेगळं लिहिते. उमाकांतरावांनी नगरपालिकेला कळवलं. बॅटऱ्या फोडणं तिथून हलवलं आहे.

कावेरीच्या रक्तातलं शिसं उतरतंय. डॉक्टर म्हणतात, वेळ लागेल, पण वेळेत आणलीत. काल तिने भात दुसऱ्यांदा मागितला, तेव्हा वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. आज दवाखान्याचा जिना कावेरी माझ्याआधी चढली आणि वरून ओरडली, "आत्या, तू किती हळू येतेस!"

तिला न्यायला तूच ये.

प्रमोदिनी