बसून करायचं काम

मंगळवार, ६ ऑक्टोबर

परवा इथे लिहिलं ते चूक आहे. प्लास्टिकमुळेच मला दिवस राहत नाहीत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "तेच कारण, असं छातीठोक नाही सांगता येणार. पण प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे घालतात ना, त्याने बाईचे हार्मोन बिघडू शकतात, स्त्रीबीजांवर परिणाम होऊ शकतो. बाईची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात; तुमची वयाच्या मानाने कमी आहेत. जेवढं लांब राहाल तेवढं बरं." मी घाबरले आणि लिहिताना त्यांच्या शंकेची खात्री करून टाकली.

लांब कुठे जाऊ? प्लास्टिकच्या रेनकोटचा कारखाना माझ्या माहेरच्या घराच्याच तळमजल्यावर — आणि मी रोज तिथे कामाला.

गुरुवार, ८

प्लास्टिकचे तुकडे चिकटवायचं जोडमशीन तापलं की येणारा तो गोडसर वास... शाळेतून आले की दप्तर फेकून त्या वासातच जेवायचे. अक्षरंही तिथेच शिकले. आई कागदावर लिहायची, वर प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा ठेवायची. मी गिरवायचं, फडक्याने पुसायचं, पुन्हा गिरवायचं. खिडक्या कायम बंद — वारा लागला की जोड नीट बसत नाही. नवा माल आला की आई तो माझ्या नाकाशी धरायची. "सांग, चांगला की भेसळ?" मी क्वचितच चुकायचे. केवढी मिरवायची ती मला!

अजूनही तो वास आला की जीव निवतो. हे डॉक्टरीणबाईंना कसं सांगायचं?

शनिवार, १०

आईला सांगितलं. "प्लास्टिकने पोरं अडतात होय? मग तुला काय पोस्टाने मागवली?" दादा खो खो हसला. मीही हसले.

तो गेल्यावर आई जवळ बसली. म्हणाली, "तुझ्या वेळी मला उभं राहवायचं नाही. सासूबाईंनी जोडमशीन दिलं. बसून करायचं काम ना. नऊ महिने तिथेच होते बघ, तुला पोटात घेऊन." किती मायेने सांगत होती. मला तिच्याकडे बघवेना.

रविवार, ११

वहिनीला तिसरा महिना लागलाय. आज कळलं. आई तिला म्हणाली, "परवापासून तू जोडमशीनवर बस गं. पायांना आराम."

परवा म्हणजे मंगळवार. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते मी उद्या सांगणार — सोमवारी, वहिनीला, आईच्या देखत.