पडद्यामागून दिसलेलं वळण

अब्बा, तुमच्या पणतूनं मला पार बेजार केलंय. त्याला मोटारींच्या पाठलागाचं खूळ लागलंय. टीव्हीवर, मोबाइलवर, दिसेल तिथं एक मोटार पुढं आणि दुसरी मागं. भाजीच्या हातगाड्या उधळल्या काय, फाटक पडायच्या आत रूळ ओलांडले काय, पोरगं जागचं हलत नाही. परवा मला विचारतो, दादी, तुला सगळ्यात आवडलेला पाठलाग कुठला? मी म्हटलं, मला असला धुडगूस आवडत नाही, जा, अभ्यास कर. तो गेला, पण माझ्या डोक्यातली मोटार काही थांबेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. घरात आपण दखनी बोलायचो, पण माझा जन्म मराठी शाळेत शिकवण्यात गेला, तेव्हा मराठीच चालवून घ्या. नाही तरी तुम्हाला वाचता कुठं येत होतं?

अणदूरला खंडोबाच्या यात्रेत तंबूचा सिनेमा यायचा. तुम्ही सेठजींची मोटार चालवायचात, त्यामुळं तुमचा रुबाब काय विचारता! खेळात मोटार असली की तंबूवाला स्वतः घरी सांगायला यायचा. तंबूच्या मधोमध पडदा टांगलेला, पुढच्या बाजूला पुरुष आणि मागच्या बाजूला बायका. पडद्यावर पाणी मारून तो भिजवायचे, म्हणजे चित्र आमच्याही बाजूला उमटायचं. सगळ्या जगात बायका सिनेमा असाच बघतात, असं मला वाटायचं. अम्मी बुरखा मागं टाकून, मला मांडीवर घेऊन, गालात सुपारी धरून बसायची. त्या एका खेळात उघडी मोटार होती, तिच्यात नायक आणि एक पोरगी, मागं दरोडेखोरांची काळी मोटार. पोरगी मागच्या सीटवरून एकेक गाठोडं रस्त्यावर टाकते, काळी मोटार अडखळते, पुन्हा धावते. मग एक फाटा येतो. फाट्यावर मोठं झाड. नायकाची मोटार झाडाशी गर्रकन वळते, झुडपाआड शिरते, आणि काळी मोटार दुसऱ्या वाटेनं भरधाव निघून जाते. तंबू नुसता दणाणला. पडद्यापलीकडून आलेली शिट्टी तुमची होती, ते अम्मीनं लगेच ओळखलं आणि लाजून हसली.

दुसऱ्या दिवसापासून आपल्या स्वयंपाकघरात तोच खेळ. अम्मी चुलीपुढं भाकऱ्या थापतेय, मी तिला चिकटून बसलेय, आणि समोर पाटावर तुम्ही, हातात परात धरून. तोंडानं इंजिनाचा आवाज काढताय, गचके खाताय, मागं वळून दरोडेखोरांना शिव्या देताय, आणि फाटा आला की परात अशी फिरवताय की आम्ही दोघी एकदम ओरडतो, वळली! किती वेळा केलंत ते, अब्बा. शेवटी अम्मी म्हणायची, परात द्या इकडं, मला पीठ मळायचंय. तुम्ही परात द्यायचात आणि छाती काढून म्हणायचात, आपल्या गावाबाहेरचा फाटा थेट तस्साच आहे, तशी वेळ आली तर मीही असाच निसटेन. अम्मी म्हणायची, शुभ बोला.

वेळ आलीच. निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. खांद्याला बंदुका लावलेली माणसं मोटारीतून गावोगाव फिरत होती. सेठजींच्या बायकापोरांना तुम्ही गुपचूप हद्दीपलीकडं सोलापुरास पोचवून आलात, आणि ते कुणीतरी फोडलं. आपल्यातला असून असलं करतो, असं ती माणसं तुमच्याबद्दल बोलायला लागली. त्या दिवशी सकाळी दोन अनोळखी माणसं आपल्या ओट्यावर येऊन बसली. उठायचं नाव घेईनात. तुम्ही आत जेवायला बसलात. अम्मी तुमच्यापुढं भाकरी ठेवतेय. बाहेर सगळं ऐकू जात होतं. तुम्ही नेहमीच्या थट्टेच्या आवाजात म्हणालात, "पोरीला घेऊन शेतावर जा. दुपारच्याला सिनेमातली मोटार वळली तिकडंच थांब." एवढंच. मग माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि त्या दोघांना सलाम करून सेठजींच्या वाड्याकडं निघालात. वाटेत पडलेली परात अम्मीनं उचलून भिंतीशी ठेवली, ते मला दिसतंय अजून.

फाट्यावरून डावीकडची वाट बारवेकडं जायची आणि उजवीकडची माळावरच्या आंब्याकडं. पुढं दोन्ही सोलापूरच्या सडकेलाच लागायच्या. सिनेमातली मोटार डावीकडं वळली होती, म्हणून आम्ही बारवेच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. मधल्या रानात बाजरी माणसाच्या वर उभी, त्यामुळं पलीकडचं काही दिसत नव्हतं. अम्मीनं फडक्यात चार भाकऱ्या आणि तुमची ईदची टोपी घेतली होती. ऊन कलायला लागलं तेव्हा मोटारीचा आवाज आला. मी उभी राहिले. आवाज फाट्यापर्यंत आला, मग माळाकडं गेला आणि थांबला. अम्मी म्हणाली, वळतील, वळून येतील. आम्ही वाट बघतोय. पाखरं बाजरीवर बसतायत, उडतायत. मग बऱ्याच वेळानं दुसरी मोटार आली. ती कुठं अडखळली नाही, सरळ माळाकडं गेली. त्यानंतर जे आवाज झाले ते झाले. अम्मीनं माझं तोंड स्वतःच्या पोटात दाबून धरलं होतं.

मामू आम्हाला सोलापुरास घेऊन गेला. तुमची मय्यत ज्यांनी उचलली त्या शेतकऱ्यांनी सांगितलं, मोटार आंब्याआड होती, इंजिन बंद, मागचं दार सताड उघडं. अम्मीनं ते ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली, तेच पुढं जन्मभर बोलत राहिली. "वळण विसरले. सगळ्या मुलखाचे रस्ते पाठ, आणि आमचंच वळण विसरले." ती शिवणाच्या मशीनवर बसायची तेव्हा, माझं लग्न ठरलं तेव्हा, माझा मुलगा पहिल्यांदा सायकल शिकला तेव्हाही. तिचा राग मोठा होता, अब्बा. त्या रागावरच ती उभी होती. सिनेमाला तिनं पुन्हा कधी पाऊल टाकलं नाही.

मी टाकलं. शाळेतल्या मैत्रिणींनी ओढून नेलं. सोलापूरच्या थिएटरात बायकांचा वर्ग वरच्या मजल्यावर, पडद्याच्या समोर. आणि जुना म्हणून सकाळी लावलेला खेळ नेमका तोच निघाला. उघडी मोटार, गाठोडी, काळी मोटार, सगळं जसंच्या तसं. पण मला काहीतरी खुपत होतं. दरोडेखोर सलाम करतो तो उजव्या हातानं, आणि मला तर डावखुरा आठवत होता. फाटा आला. झाड आलं. नायकाची मोटार उजवीकडं वळली. मैत्रिणी टाळ्या वाजवतायत आणि मी माझा उजवा हात कुठला ते बघतेय. तुम्ही पडद्यापुढं बसला होतात, आम्ही मागं, सगळं उलटं बघत. तुमच्या ध्यानात आलं नाही, आमच्या तर कसं यावं? आणि स्वयंपाकघरात तुम्ही परात तुमच्या उजवीकडं फिरवायचात, ती समोर बसलेल्या आम्हाला डावीकडंच दिसायची. तुम्ही काहीच विसरला नव्हतात. आंब्याखाली मागचं दार उघडून तुम्ही आमची वाट बघत बसलात, आम्ही येईना म्हणून तसेच बसलात, आणि एकटे असतात तर केव्हाच सडकेला लागला असतात.

घरी आले तेव्हा अम्मी मशीनवर होती. काय गं, तोंड असं का, म्हणाली. डोकं दुखतंय म्हणाले. सांगितलं असतं तर तिला तुम्ही परत मिळाला असतात, पण मग ती बारवेची पायरी तिला जन्मभर सुटली नसती. रागावून माणूस जगतं, अब्बा. त्या रागाशिवाय कशाच्या जोरावर जगली असती ती? म्हणून बोल तुमच्याच पदरी राहू दिला. तिच्या मातीलासुद्धा मी ते सांगितलं नाही.

पोराला काय सांगू, कुठला पाठलाग आवडतो म्हणून? समोर कपाटाचा आरसा आहे. टीव्हीवर मोटारी पळायला लागल्या की मी टीव्हीकडं पाठ करून आरशात बघते. तिथं त्या आमच्या बाजूनं वळतात, बारवेकडं येतात. पोरगं म्हणतं, दादी, उलटं काय बघतेस? मी म्हणते, मान अवघडलीय.

हा कागद मी उशीखाली ठेवीन आणि उद्या चुलीत घालीन, म्हणजे गॅसवर धरीन, चुली आता राहिल्यात कुठं. एवढंच मागते. अम्मी तिथं आली असेल, आणि आल्या आल्या भांडायला लागली असेल, तर ऐकून घ्या. म्हणा, हो, वळण विसरलो.