कागद टोपलीत टाका

नाक्सोस, ग्रीस

प्रिय लोर्ना,

आम्ही चौघंही धडधाकट आहोत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं हसत वाचशील.

भाड्याचं घर फोटोतलंच आहे, फक्त समुद्र बघायला कमोडच्या झाकणावर उभं राहावं लागतं. बाथरूमच्या जाळीत आधीच्या पाहुण्यांचे केस. शी!

आणि इथला नियम ऐक. पुसलेला कागद कमोडमध्ये नाही, शेजारच्या टोपलीत टाकायचा. पाइप बारीक आहेत म्हणे. पोरांना दहादा बजावलं, पण आपल्याकडे कागद कमोडमध्येच टाकतात, पोराचा हात सवयीनं कुठे जाणार? काल कोल्बीनं अर्धा रोल आत सोडला आणि सगळी घाण उलटी फरशीवर आली. माझा शूर नवरा डेल अंगणात पळाला. मी नाक दाबून दारात उभी.

खालून घरमालकीण आल्या, सत्तरीच्या स्तामातियाबाई. बाही वर सारून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला.

"अहो, हातमोजे तरी घाला!"

"पोराचंच आहे ना? माझा नवरा आठ वर्षं अंथरुणाला खिळून होता, तेव्हा कुठले हातमोजे?"

मग हात धुऊन त्यांनी कोल्बीला संत्रं सोलून दिलं. तो मिटक्या मारत खात होता. मला बघवेना.

आणि तू आठवलीस. बाबांचा डायपर बदलायची वेळ झाली, की मी कॉफी आणायला बाहेर पडते. तुला कळत असणारच. कधी बोलली नाहीस.

बाबा नीट जेवतात का? मी परत आले की रविवारी त्यांचं सगळं मीच करीन. हातमोजे घालून, पण करीन. कॉफी आणायला तू जा.

तुझीच धाकटी,
मार्लीन