हाल्वारचा पडदा

२ जानेवारी
बायको गुन्वोर आज बोटीने गेली. मुलीचं बाळंतपण. तीन आठवडे घर माझं एकट्याचं. सबबी संपल्या. या तीन आठवड्यांत कादंबरी पुरी करायची. ईस्टरच्या सुट्टीत हा देश हातात खुनाची कादंबरी असल्याशिवाय संत्रंसुद्धा सोलत नाही. पुढच्या ईस्टरला संत्र्याची सालं माझ्या पुस्तकावर पडतील.

धक्क्यावर पुन्हा समोरच्या हाल्वारचं पुराण. सकाळी नऊपर्यंत त्याच्या स्वयंपाकघराचा पडदा वर गेला का बघायचं. नाही गेला तर उठून समोर जायचं. म्हातारा शहाऐंशीचा, एकटा. नगरपालिका त्याला वृद्धाश्रमात न्यायला टपलेली आहे. समोरचं घर रोज लक्ष ठेवील, या एका बोलीवर त्याला स्वतःच्या घरात राहू दिलंय. हमी दिली गुन्वोरने. समोरचं घर म्हणजे आता मी.

ती म्हणाली, "एवढं एक काम कर, एलर्ट."
मी म्हटलं, निरीक्षण हा माझा धंदाच आहे. ती बोटीत चढली.

३ जानेवारी, सकाळ
पडदा वर. नोंद केली.
सहाला उठणार होतो. नऊला उठलो. सूर्य नोव्हेंबरातच गेलाय, आता तिसऱ्या आठवड्यात उगवेल तेव्हा. काळोखात सहा आणि नऊ यांत फरक काय.

प्लॉट पक्का. बर्फात गाडलेलं प्रेत, फक्त एक हात वर. हातात संत्रं. तपासाला इन्स्पेक्टर ब्राट. घटस्फोटित. दारू सोडलेला, पुन्हा धरलेला. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. त्याला डोळे मी माझेच दिलेत.

५ जानेवारी
या गावात कोणी दार वाजवत नाही. सरळ आत येऊन स्वयंपाकघरात बसतात, मग म्हणतात, मी आहे. आज टपालवाली ओद्नी आली. बुटांचा बर्फ फरशीवर झटकला. माझीच कॉफी ओतून घेतली. विचारलं, किती मेले आत्तापर्यंत? मी सांगितलं, एक.
"वर्षभरात एकच? लेखकसाहेब, तुमच्यापेक्षा आमचा घाटरस्ता बरा."

ती गेल्यावर आतून कडी लावली. आयुष्यात पहिल्यांदा. बाहेर कागद चिकटवला : लेखन चालू आहे. तीनपर्यंत त्रास देऊ नये.
आता काम होईल.

७ जानेवारी
काम झालं नाही. हाल्वारने खिडकीतून हात हलवून बोलावलं, जावं लागलं. कॉफी, सुका मासा, आणि तीच गोष्ट. चाळीस वर्षं तो मासेमारीच्या बोटींवर बिनतारी संदेश पाठवायचा. वादळात बोट बुडत होती तेव्हा रात्रभर 'वाचवा' एवढा एकच संदेश ठोकत राहिला, शेवटी कोणीतरी ऐकला. टेबलावर चमचा आपटून ते ठोके दाखवले. दर वेळी दाखवतो. मी दुसरा विचार करत होतो. मध्येच विचारलं, त्या बोटीवर कोणाचा खून वगैरे झाला होता का?
म्हणाला, नाही बाबा. वेळ नव्हता.

निघताना म्हणाला, "मीही तुझा पडदा बघतो बरं का. तू साडेनऊला उठतोस."
हे मला आवडलं नाही. लेखकाच्या झोपेवर शेजाऱ्याने पाळत ठेवू नये.

९ जानेवारी
संपादक बेनेदिक्तेचा फोन. तीन प्रकरणं वाचली. म्हणे थंडी जाणवत नाही. वाचकाच्या पाठीतून शिरशिरी गेली पाहिजे. हे ती ऑस्लोत बसून सांगते. इथे उणे चौदा आहे. असो. उद्या अर्धा तास बर्फात बसणार. वही घेऊन. अनुभवाला पर्याय नाही.

१० जानेवारी
बर्फात बसलो. चार मिनिटं. पेनातली शाई गोठली, मग मी. अनुभव लेखनाला मारक असतो. खरी थंडी कल्पनेतच असते.
पडदा वर होता. बहुतेक.

१२ जानेवारी, सोमवार
वादळ. रस्ता बंद, टपाल नाही. पडदा वर. चौथं प्रकरण सुरू केलं. दुपारी थोडा पडलो. संध्याकाळी उठलो. चौथं प्रकरण उद्या.

१३ जानेवारी
पहाटे पाचला जाग आली. बघितलं तर समोरचा पडदा आधीच वर, दिवा चालू. म्हातारा पाचलाच उठून बसलाय. म्हणजे आजचं निरीक्षण चार तास आधीच उरकलं. नऊला पुन्हा उठायचं कारण नाही. पुन्हा झोपलो.

दुपारी
एक चांगली गोष्ट हाती लागली. हाल्वारच्या खिडकीतला दिवा बिघडलाय. तीनदा झटकन लुकलुकतो, तीनदा सावकाश, पुन्हा तीनदा झटकन. मग अंधार. मग पुन्हा तेच. घरातली वायरिंग जुनी. चौथं प्रकरण सोडून थेट पाचव्यात घातलं. प्रेताच्या समोरच्या घरात असाच दिवा. "मरणाऱ्याच्या नाडीसारखा तो दिवा काळोखात ठोके देत होता." महिन्यातलं सर्वोत्तम वाक्य. दोनदा मोठ्याने वाचलं.
हाल्वारला सांगायचं, वायरमन बोलाव. पण प्रकरण पुरं झाल्यावर.

१४ जानेवारी
दिवा चालूच. आता त्रास होतो. वाक्य लिहायला घ्यावं तर डोळ्याच्या कोपऱ्यात लुक लुक. शेवटी दिवसाढवळ्या पडदा ओढला. घरात कोणी वारलं तरच इथे दिवसा पडदा ओढतात. लोक काय समजतील ते समजू देत. थोर पुस्तकं पडद्याआडच लिहिली जातात.

मध्येच ओद्नी आली. दाराबाहेर उभी राहून माझा कागद मोठ्याने वाचला. हसली. मग ओरडून विचारलं, हाल्वार डब्यातलं टपाल न्यायला आला नाही, तुला दिसला का? मी टेबलावरूनच ओरडलो, पडदा वर आहे! ती म्हणाली, मग ठीक. गेली. कडी काढावी लागली नाही.

पाचवं प्रकरण संपवलं. बेनेदिक्तेला पाठवलं. आयुष्यात इतकं सलग कधी लिहिलं नव्हतं.

१५ जानेवारी, सकाळ
बेनेदिक्तेचा फोन. तिला दिवा आवडला. म्हणाली, पहिल्यांदाच पाठीतून शिरशिरी गेली. पण एक गोष्ट पटत नाही. शेजारी दोन दिवस तो दिवा बघतो आणि समोर जात नाही. "असा माणूस कोणी मान्य करणार नाही, एलर्ट. त्याला खुनी कर, नाहीतर आंधळा कर." मी वाद घातला. म्हटलं, माणसं कामात असतात. म्हणाली, कोणत्या कामात?
खुनी करावा असं ठरवतोय. त्याला हेतू शोधायला हवा.

दुपारी
गुन्वोरचा फोन. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. नाव सांगणार होती, त्याआधी विचारलं, पडदा? मी म्हटलं, वर. तिने विचारलं, रात्री खाली येतो ना? मी म्हटलं, हल्ली तो खाली करतच नाही. पहाटे पाचलाही वर होता. दिवाही रात्रंदिवस चालू. शिवाय बिघडलाय, लुकलुकतो. तीनदा झटकन, तीनदा सावकाश—
फोन बंद. मी बोलत होतो.
नाव सांगायचं राहिलं.

संध्याकाळी
ओद्नी आणि मासळी कारखान्यातले दोघे माझ्याआधी पोचले. गुन्वोरने तिला फोन केला होता, मला नाही. मी बूट शोधत होतो.

हाल्वार सोमवार संध्याकाळपासून स्वयंपाकघराच्या जमिनीवर. खुब्याचं हाड मोडलेलं. अंगावर ओढलेली सतरंजी. मांजराच्या वाटीतलं पाणी प्यायला होता. खिडकीतल्या दिव्याची वायर खाली लोंबते, तिच्या मध्ये बटण असतं. ते त्याच्या मुठीत होतं. त्याला न्यायला आलेल्या हेलिकॉप्टरमधल्या माणसाने बोटं एकेक करून उघडली.
मी टॉर्च धरला होता. मला कोणी धरायला सांगितलं नव्हतं. खोलीत दिवा होता.
ओद्नीने टॉर्च माझ्या हातातून घेतला आणि विझवला.

१७ जानेवारी
बसने हॉस्पिटलात गेलो. चॉकलेट नेलं. वाटेत काय बोलायचं ते तयार केलं होतं : वादळ, लेखकाची एकाग्रता, नगरपालिकेची सदोष व्यवस्था. एका पडद्यावर माणसाचं आयुष्य ठेवणं हेच मुळात चूक, वगैरे. मुद्दा बिनतोड होता.

हाल्वार पांढऱ्या उशीवर लहान दिसत होता. मी सुरुवात करायच्या आत तोच बोलला.
"तुझ्या खिडकीचा उजेड माझ्या छतावर पडायचा. बुधवारी दिवसा एकदम गेला. म्हटलं, एलर्टने पडदा ओढला. त्याच्याकडे कोणीतरी गेलं."
मग म्हणाला, "उठता आलं असतं तर आलो असतो रे."

मी म्हटलं, कोणी गेलं नाही. नात झाली.
म्हणाला, बरं झालं. नाव काय?
मला माहीत नव्हतं. चॉकलेट ठेवून निघालो. मुद्दा मांडायचा राहिला.

१८ जानेवारी
दारावरचा कागद काढला. कडीही. पाचवं प्रकरण उघडलं. शेजाऱ्याला हेतू सापडत नाही. बेनेदिक्तेचं बरोबर आहे, तो कोणाला पटणार नाही.

१९ जानेवारी
नगरपालिकेचा निर्णय. हाल्वार घरी येणार नाही. खाडीच्या पलीकडच्या टोकाला वृद्धाश्रम आहे, तिथे. खिडकी पार्किंगवर उघडते. हमी देणाऱ्यांनी ती पाळली नाही, असं कारण आहे. नावं घातलेली नाहीत. सभ्य लोक आहेत.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी गुन्वोरला फोन केला. नातीचं नाव विचारलं, तिने सांगितलं. कधी येतेस विचारलं. ईस्टरपर्यंत तिकडेच राहीन म्हणाली. कोणत्या ईस्टरपर्यंत ते बोलली नाही.

२१ जानेवारी
आज सूर्य आला.
दर वर्षी गाव हाल्वारच्या पायऱ्यांवर जमतं, कारण पहिलं ऊन तिथेच पडतं. गोड पाव, कॉफी, पोरांचा आरडाओरडा. या वर्षी सगळे शाळेच्या मैदानात गेले. तिथे ऊन पोचत नाही. तरी गेले.

दार दिवसभर उघडंच होतं. बुटांचा बर्फ झटकायला कोणी आलं नाही.
ऊन मात्र आपल्या वेळेवर आलं. हाल्वारच्या खिडकीवर थोडा वेळ थांबलं. पडदा वरच आहे, त्या दिवसापासून कोणी खाली केलेला नाही. आत दिवा दिसला. विझलेला.

आज मी बरोबर नऊला उठलो. पडदा वर केला. उभा राहिलो.
समोरून बघणारं कोणी नाही.
उद्या साडेनऊला केला तरी चालेल.